सत्तेचाळीस दिवस अठ्ठावन्न

१

बुधवारी सकाळी अकरा वाजता वरच्या कचेरीतून आलेल्या तपासनिसाने जलशुद्धीकरण केंद्राच्या शेवटच्या नळाखाली आपलं यंत्र धरलं आणि त्यावर आकडा आला, पाच पूर्णांक एक. पाण्याचा सामू सातच्या आसपास असावा लागतो. त्याखाली गेला की पाणी आम्लाकडे झुकतं. सातावरून पाचावर येणं ऐकायला दोनच पायऱ्या, पण या जिन्याची एकेक पायरी दहापटीची असते. म्हणजे शहर जे पाणी पीत होतं ते असायला हवं त्याच्या शंभरपट आम्लधर्मी होतं, आणि दिसायला अगदी नितळ होतं.

तपासनीस सहज फिरत फिरत आला नव्हता. शहराच्या जुन्या गल्लीत अजून शिशाचे नळ आहेत. तिथली अकरा मुलं आजारी पडली होती आणि त्यांच्या रक्तात शिसं निघालं होतं. चांगल्या पाण्यात हे नळ वर्षानुवर्षं निमूट पडून असतात. आम्लधर्मी पाणी मात्र त्यांना आतून खातं, आणि शिसं घोटाघोटाने पोटात जातं. दहा मुलांचं पोटातल्या कळांवर भागलं. अकरावी चार वर्षांची होती, घरात तिला चिमी म्हणत. तिला झटके आले आणि झटके थांबल्यावर तिची वाचा गेली.

गुरुवारी दुपारच्या आत दोषीही सापडला. एरवी सरकारी कामात इतकी चपळाई दिसत नाही. पाण्यातला गाळ खाली बसावा म्हणून तुरटी घालतात. तुरटीने पाणी आम्लाकडे जातं, म्हणून चुना कालवून ते पुन्हा जागेवर आणतात. चुना टाकायला एकच माणूस होता, सव्वीस वर्षांचा जुना. केंद्राच्या नोंदवहीत मंगळवारपर्यंत रोज सामू सात पूर्णांक दोन होता आणि बुधवारी पाच पूर्णांक एक. मग बुधवारी चुना पडलाच नाही, दुसरं काय असणार? खापर फोडायला डोकं आयतंच मिळालं. मुलं बुधवारच्या आधीच आजारी पडली होती, हे या घाईत कुणाच्याच लक्षात आलं नाही.

त्या चुनेवाल्याला सगळे काका म्हणत. चिमी त्यांच्या एकुलत्या एक मुलीची मुलगी होती.

२

चौकशीसाठी रसायनशास्त्र जाणणारं बाहेरचं कुणीतरी हवं होतं. केंद्राच्या मुख्य अभियंत्याने, म्हणजे साहेबांनी, बाईंचं नाव पुढे केलं. बाईंनी इथल्या कॉलेजात एकतीस वर्षं आम्ल आणि आम्लारी शिकवले होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी बाजारात निम्मे लोक त्यांना बघून अजून ताठ उभे राहत. जीभ फटकळ, नजर तिखट. पण साहेबांनी त्यांना निवडलं ते काही नजरेसाठी नाही. केंद्राचा केमिस्ट बाईंचा लाडका विद्यार्थी होता. बाई आपल्या माणसाला सांभाळून घेतील, असं साहेबांनी मनाशी धरलं होतं. बाईंनाही ते कळलं होतं, आणि त्यात अपमान वाटण्यासारखं काही आहे असं त्यांना तेव्हा वाटलं नाही.

शुक्रवारी सकाळी काकांची मुलगी बाईंच्या दारात उभी होती. दोन रात्री दवाखान्यात खुर्चीत काढलेल्या माणसाचे कपडे जसे चुरगळतात तसे तिचे चुरगळले होते. आत ये म्हटलं तरी ती आली नाही.

“बाई, सोमवारी तुमचा अहवाल जाणार आहे. मला भरपाई नको, काही नको. एवढंच सांगा, माझ्या वडिलांनी केलं का?”

“तू विचारलंस त्यांना?”

“विचारलं. म्हणतात, रोज टाकतो तशा चार गोण्या टाकायच्या होत्या, सकाळच्या दोन टाकून झाल्या होत्या. पण यंत्र वेगळंच सांगतंय. यंत्र कशाला खोटं बोलेल? मी त्यांना तोंडावर सांगितलंय, खरं बोलाल तेव्हा बोलेन तुमच्याशी. तोवर चिमीच्या खाटेजवळ यायचं नाही.”

“थोडं थांब. इतक्यात काही ठरवू नकोस.”

“माझं ठरलंय, बाई. तुमची सही व्हायची राहिलीय फक्त.”

ती गेली. एका म्हाताऱ्या माणसाचं घर आपल्या एका कागदावर टांगलेलं आहे, हे बाईंना अजिबात आवडलं नाही.

३

काका दोन खोल्यांच्या घरात खिडकीपाशी बसले होते. हातावर हात ठेवून बसण्याची सवय नसलेल्या माणसाला बसवलं की तो जसा दिसतो तसे दिसत होते. बोटांच्या पेरांवर चुन्याने पडलेल्या भेगा होत्या, जुन्या भेगांत नव्या.

“सकाळी सहाला दोन, दुपारी दोनला दोन,” ते म्हणाले. “बुधवारी सकाळच्या दोन फोडल्या, टाकीत ओतल्या, दांड्याने ढवळल्या. रिकाम्या गोण्या स्टोअरला दिल्या. दुपारच्या टाकायच्या आत तर ते यंत्रवाले आले.”

“कधी विसरला असाल?”

“सव्वीस वर्षांत जेवायला विसरलोय, बाई.”

“हल्ली कामात काही बदल?”

काकांनी विचार केला. “बदल कसला. टाकी घासायला वेळ लागतो तेवढा. आधी पंधरवड्याने ब्रश मारला की झालं. हल्ली तळाला इतकं साचतं की फावडं घ्यावं लागतं. केमिस्टसाहेबांना बोललो मी. म्हणाले, काका, वय झालं तुमचं.”

बाई हसल्या. वय झालंच होतं. त्या हसण्याची त्यांना पुढे फार लाज वाटली.

तिथून त्या केंद्राच्या स्टोअरमध्ये गेल्या. स्टोअरकीपर हा जन्मजात कानांवर हात ठेवणारा माणूस होता. “वर्षाचा चुना एकदम मागवतात, बाई, मला विचारून नाही. आला तेव्हा एकदम ताजा होता, मी स्वतः उतरवून घेतला. पत्र्याला भोकं आहेत, गोण्या तागाच्या आहेत, हे मी लिहून दिलंय. बुधवारी सकाळी दोन रिकाम्या गोण्या परत आल्या, हे खरं.”

“म्हणजे काकांनी चुना टाकला.”

“म्हणजे गोण्या रिकाम्या झाल्या. गोणी काय, गटारात ओतली तरी रिकामी होते.” आणि मग जरा आवाज खाली आणून तो म्हणाला, “पण पाणी रोज तपासायला माणूस ठेवलाय ना? काय विचारायचं ते त्याला विचारा.”

४

केमिस्टला कॉलेजात सगळे बिनचूक म्हणत. त्याने बाईंना बघताच खुर्ची पुसली, पंखा त्यांच्याकडे वळवला, चहा सांगितला. प्रयोगशाळा लखलखीत होती. बाटल्या उंचीप्रमाणे लावलेल्या, लेबलं समोर. बाईंना बरं वाटलं. आपण काहीतरी नीट घडवलं, असं वाटण्याचे प्रसंग निवृत्तीनंतर कमीच येतात.

नोंदवहीतलं अक्षरही तसंच होतं, सरळ आणि टपोरं. तारीख, सामू, आणि शेजारी अल्कता, म्हणजे पाण्यात आम्ल पचवायची ताकद किती शिल्लक आहे त्याचा आकडा. तो काढायला शंभर मिलिलिटर पाण्यात ब्युरेटने, म्हणजे खुणा आखलेल्या तोटीच्या काचनळीने, थेंब थेंब आम्ल सोडायचं, रंग बदलेपर्यंत किती मिलिलिटर गेलं ते वाचायचं आणि दहाने गुणायचं. वाचन दोनदा घ्यायचं. बाईंनी हे एकतीस वर्षं शिकवलं होतं.

“काकांचं वाईट वाटतं, बाई,” बिनचूक म्हणाला. “पण वही समोर आहे. एक दिवस चुकले.”

“हो, एक दिवस,” बाई म्हणाल्या आणि उठल्या.

मुलांच्या डॉक्टरीणबाई दवाखान्याच्या जिन्यातच भेटल्या. हातात कागद होते, पायांत घाई होती. बाईंनी विचारलं, एका दिवसाच्या पाण्याने मूल इतकं आजारी पडेल का? डॉक्टरीणबाई थांबल्या.

“एका दिवसाच्या? कोण म्हणालं? शिसं असं एका दिवसात चढत नाही. ही मुलं निदान महिनाभर ते पाणी पीत असणार. चिमीचं रक्त बघितलं तर दीड महिनासुद्धा म्हणेन मी.”

रक्त म्हणत होतं दीड महिना आणि वही म्हणत होती एक दिवस. दोन्ही खरं असणं शक्य नव्हतं, आणि रक्ताला खोटं लिहिता येत नाही.

५

शनिवारी दुपारी साहेबांचा फोन आला. आवाजात सुटल्याचा आनंद मावत नव्हता.

“मॅडम, तुम्हाला त्रास दिला उगीच. काकांनी लेखी कबुली दिली. बुधवारी चुना टाकायला विसरलो, असं स्वतःच्या हाताने लिहून दिलंय. आता तुमचं दोन ओळींत उरकेल.”

बाई रिक्षा करून तडक काकांच्या घरी गेल्या. काका दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून बसले होते. चेहऱ्यावर चक्क समाधान होतं.

“काय लिहून दिलंत तुम्ही हे?”

“मुलगी आली होती काल,” काका म्हणाले. “म्हणाली, बाबा, शेवटचं विचारते, खरं सांगा. मी म्हटलं, हो, विसरलो. मग रडली. मग दवाखान्यात घेऊन गेली मला. तासभर बसलो चिमीजवळ. तिने माझं बोट धरलं होतं, बाई. बोलत नाही, पण धरते घट्ट.”

“काका, तुम्ही विसरला होतात का?”

“साहेब म्हणतात. केमिस्टसाहेब म्हणतात. लेक म्हणते. इतकी शिकलेली माणसं म्हणतात, तर विसरलोच असेन.”

“मी काय विचारतेय? तुम्हाला आठवतं का?”

“कालपर्यंत आठवत होतं की टाकल्या,” काका म्हणाले. “आता त्या गोण्या डोळ्यांसमोर आणायला जातो, तर साहेबांचा आवाजच आधी येतो.”

बाईंना संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना. तेवढ्यात काकांनी सवयीने भेगाळलेली बोटं एकमेकांवर घासली आणि बाईंना त्या टाकीची आठवण झाली, जी घासायला हल्ली फावडं लागत होतं. चांगला चुना पाण्यात विरघळतो. मग तळाला साचत काय होतं?

६

रविवारी सकाळी केंद्रात वर्दळ नव्हती. तपासनिसाच्या सांगण्यावरून गुरुवारपासून दुसरीकडून आणलेला चुना वेगळ्या पिंपात कालवत होते, त्यामुळे काकांची टाकी बुधवारी होती तशीच पडून होती. बाईंनी चौकीदाराकडून किल्ली घेतली, साडीचा पदर खोचला आणि शिडीवरून आत काठी घातली. वरचं पाणी संपलं आणि काठी पांढऱ्या गाळात गुडघाभर रुतली.

शेडच्या मागे काकांनी फावड्याने काढून टाकलेल्या गाळाचा ढीग होता. तो बाईंच्या खांद्याला लागत होता.

त्यांनी सोबत सौम्य आम्लाची छोटी बाटली आणली होती. ढिगाऱ्यातली चिमूट बशीत घेतली, वर चार थेंब सोडले. चिमूट फसफसून उठली. टाकीतल्या गाळाचंही तेच झालं.

ताज्या चुन्यावर आम्ल टाकलं तर तो गरम होतो, आम्ल मारून टाकतो, पण फसफसत नाही. फसफसतो तो खडू. चुना उघड्यावर राहिला की हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतो आणि दिवसेंदिवस त्याचा खडू होत जातो. रंग तोच, वजनाला उलट थोडा जास्तच. खडू पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तुम्ही चार गोण्या ओता नाहीतर चाळीस, तो तळाशी जाऊन बसतो आणि पाण्याला त्याचा उपयोग फारच थोडा.

बाई स्टोअरमध्ये गेल्या आणि थप्पीतली एक गोणी फोडायला लावली. गोणीच्या कडेची भुकटी फसफसली. हात कोपरापर्यंत घालून मधली काढली, ती गप्प राहिली. म्हणजे विकणाऱ्याने खडू दिला नव्हता. चुना चांगला आला होता आणि गळक्या पत्र्याखाली, तागाच्या गोण्यांत, बाहेरून आत असा सावकाश मेला होता.

तो खांद्याएवढा ढीग काकांचा साक्षीदार होता. गोण्या गटारात गेल्या असत्या तर तो तिथे नसता. काकांनी एकही दिवस चुकवला नव्हता. ते रोज इमानेइतबारे चार गोण्या मेलेला चुना पाण्यात ओतत होते, आणि तेच पाणी जुन्या गल्लीत चिमीच्या पेल्यात पडत होतं.

बाईंनी बशी धुतली. चुना सावकाश मरतो, तर वहीत सामू मंगळवारपर्यंत ठणठणीत आणि बुधवारी एकदम आडवा कसा? या प्रश्नाचं उत्तर त्यांना माहीत होतं. ते ज्याच्या तोंडून ऐकावं लागणार होतं, त्याच्या घरी त्यांनी निरोप पाठवला.

७

बिनचूक अर्ध्या तासात आला. बाईंनी बशीतला फसफसता खडू त्याला दाखवला, ढीग दाखवला. त्याने शांतपणे सगळं बघितलं आणि मान डोलावली. मग दोघं प्रयोगशाळेत येऊन बसले.

“म्हणजे काका सुटले. बरं झालं,” तो म्हणाला.

“तुझी वही?”

“वहीही बरोबर आहे, बाई. तुम्हीच शिकवलंय. बफर.” तो उत्साहाने पुढे वाकला. “नदीच्या पाण्यात बायकार्बोनेट असतं. चुना कमी पडला, आम्ल वाढलं, तर आधी हे बायकार्बोनेट ते आम्ल पचवतं. सामू फारसा हलत नाही. आत साठा संपत असतो आणि वर सगळं शांत असतं. साठा संपला की सामू एकदम कोसळतो. मंगळवारी सात पूर्णांक दोन, बुधवारी पाच पूर्णांक एक. तुमचा चुना सावकाश मेला आणि माझा सामू एका दिवसात पडला. दोन्ही खरं.”

उत्तर इतकं नेटकं होतं की बाईंनी परीक्षेत त्याला पूर्ण गुण दिले असते. क्षणभर त्यांना ते मान्य करून घरी जावंसं वाटलं. खोटं कशाला सांगा, फार वाटलं.

“साठा संपत होता म्हणतोस,” त्या म्हणाल्या. “तो किती उरला हे कशात दिसतं?”

बिनचूकची नजर वहीकडे गेली.

“सामू मी सोडून देते. अल्कता बघू या.” त्यांनी वही उघडून त्याच्यापुढे सरकवली. “बफर टिकला तर सामू टिकतो, कबूल. पण बफर आपला साठा खर्चून टिकतो. तो खर्च या रकान्यात उतरायलाच हवा. अठ्ठावन्न, मग पन्नास, मग तीस, मग दहा. तुझ्या रकान्यात काय आहे? वाच.”

“अठ्ठावन्न.”

“पुढचा दिवस?”

“अठ्ठावन्न.”

“मंगळवार?”

तो वहीकडे न बघता म्हणाला, “अठ्ठावन्न.”

“सत्तेचाळीस दिवस. रोज ब्युरेटची दोन वाचनं, पाच पूर्णांक आठ आणि पाच पूर्णांक आठ. नदी तीच राहिली नाही, तुरटी तीच राहिली नाही, चुना मरत होता, आणि तुझ्याकडे थेंबाचा फरक नाही. तू ब्युरेटला हातही लावला नव्हतास. सामूही असाच लिहिलास. बुधवारी तपासनीस आला म्हणून त्याचा आकडा उतरवलास.”

खिडकीबाहेर पंपाचा आवाज चालू होता. बिनचूकने बाटल्यांच्या रांगेतली एक सरळच असलेली बाटली सरळ केली.

“आधी बावन्न आलं होतं,” तो म्हणाला. “साहेबांना दाखवलं. म्हणाले, पुन्हा कर. पुन्हा एकावन्न आलं. म्हणाले, आपण वर अठ्ठावन्न कळवतो, तुला नीट करता येत नाही का? तिसऱ्यांदा मी अठ्ठावन्न लिहिलं. पाठ थोपटली माझी. मग करायचं कशाला? काका टाकीचं सांगायला आले, तेव्हा मला कळायला हवं होतं. कळलंही असेल. मी त्यांना वयावर घालवून दिलं.”

“एका मुलीची वाचा गेली.”

“माहीत आहे.”

“आणि त्या माणसाच्या गळ्यात तू ते अडकू दिलंस. तुझा हात कसा धजला? असं शिकवलं होतं मी?”

“हो, बाई.”

तो रागाने बोलला नव्हता, उद्धटपणे तर नाहीच. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यावं तसं त्याने दिलं होतं.

“प्रॅक्टिकल परीक्षेच्या सकाळी, बाहेरचे परीक्षक चहाला गेले की तुम्ही फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचात, दहा पूर्णांक दोन. सगळ्यांनी तेच आणायचं. पहिल्या वर्षी मी मनापासून केलं, माझं नऊ पूर्णांक सात आलं. ते बरोबर होतं, बाई. माझ्या टेबलावरची आम्लाची बाटली वेगळी होती, मी तीनदा करून बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, खोड आणि दहा पूर्णांक दोन कर, वेळ नाही, शहाणा हो. मी झालो शहाणा. तेव्हापासून मुलं मला बिनचूक म्हणायला लागली.”

बाईंना तो दिवस आठवेना. त्यांनी प्रयत्न केला, पण असे दिवस इतके होते की त्यातला एक वेगळा निघेना. एकतीस वर्षं, दर वर्षी तीन तुकड्या, चाळीस मुलांमागे आठ ब्युरेट आणि निकाल शंभर टक्के.

“मी लिहून देतो सगळं,” बिनचूक म्हणाला. “काय लिहू ते सांगा.”

“ते मी सांगणार नाही,” बाई म्हणाल्या. “जे झालं ते लिही.”

८

सोमवारी सकाळी साहेबांनी अहवाल उभ्या उभ्या वाचला. पहिल्या परिच्छेदात मेलेला चुना होता, दुसऱ्यात खोटी नोंदवही, तिसऱ्यात पुन्हा कर म्हणणारे साहेब. तिसरा वाचताना ते खाली बसले. चौथ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“मॅडम, हे तुमच्या कॉलेजातलं, फळ्याचं वगैरे, इथे कशाला? विषयाला सोडून आहे.”

“राहू द्या.”

“तुमचंच नाव खराब होईल.”

“राहू द्या म्हटलं ना.”

“बरं. पण काकांची कबुली फाइलीत राहील. ती त्यांनी स्वखुशीने दिलीय, काढता येणार नाही.” या एवढ्या गोष्टीत साहेबांना नियम आठवला.

बाई तिथून दवाखान्यात गेल्या. काकांची मुलगी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. बाईंनी तिला सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. खडूचं सांगितलं, ढिगाऱ्याचं, सत्तेचाळीस दिवसांचं, आणि शेवटी फळ्याचं.

“मग बाबांनी कबूल का केलं?” तिने विचारलं.

“तुला जे ऐकायचं होतं ते सांगितल्याशिवाय तू बोलणार नव्हतीस.”

मुलीने दोन्ही हात गालांवर दाबून धरले. बाईंना वाटलं ही आता शिव्या देईल, आणि त्या ऐकायच्या म्हणून त्या थांबल्या.

“मीपण तुमच्याच वर्गात होते, बाई,” ती म्हणाली. “तुम्हाला आठवणार नाही, शेवटच्या टेबलावर असायचे. मलाही प्रॅक्टिकलला पूर्ण गुण होते. बाबांनी सगळ्या केंद्रात सांगितलं होतं.”



काका जिन्यावरून वर येत होते. हातात चिमीसाठी आणलेलं चित्रांचं पुस्तक होतं. मुलगी उठून त्यांच्यासमोर गेली, काही बोलायला गेली आणि तिला जमेना. म्हणून बाईच बोलल्या.

“काका, तुमची काही चूक नाही. रोजच्या चार गोण्या तुम्ही टाकत होता. बुधवारी सकाळीही दोन टाकल्यात.”

“टाकल्या असतील,” काका म्हणाले.

“असतील नाही. टाकल्यात. तुमची टाकी मी स्वतः तपासलीय. चुनाच मेलेला होता. तुम्ही विसरला नव्हता.”

काकांनी आधी बाईंच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मुलीच्या. कुणाला कोणतं उत्तर हवं आहे याचा ते अंदाज घेत होते. ही नजर बाईंच्या चांगलीच ओळखीची होती. एकतीस वर्षं ती त्यांच्यासमोरच्या टेबलांवर बसत आली होती.

“बरं, तुम्ही म्हणाल तसं, बाई. टाकल्या,” काका म्हणाले. मग मुलीकडे वळून, जरा भीतभीत, त्यांनी विचारलं, “टाकल्या म्हटलं तर चिमीजवळ बसू देशील ना?”